चाल कोणाची, नाव कोणाचे?

अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपले नाव ठेवतात. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’. याला आपण नाममुद्रा म्हणतो. ही मुद्रा मिरवण्यासाठी नाही. एकनाथ महाराज आपल्या नावाला जनार्दनस्वामींचे नाव जोडल्याशिवाय अभंग संपवत नाहीत आणि जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. म्हणजे मुद्रेत कर्त्याचे नाव असते आणि कर्ता ज्याचा ऋणी आहे त्याचेही नाव असते. वारकरी काव्यात ऋणाची नोंद काव्यातच झालेली असते.

चालीला मात्र अशी मुद्रा नाही. शब्द कोणाचे ते अभंग स्वतः सांगतो, चाल कोणाची ते सांगत नाही. म्हणूनच एखादे गाणे गाजते, घराघरांत वाजते आणि मग मागून कोणी तरी म्हणतो, ही तर जुन्याची नक्कल! असे वाद हल्ली वरचेवर होतात आणि आपण ते सिनेमावाल्यांचे भांडण म्हणून सोडून देतो. पण भजन-कीर्तनात वावरणाऱ्यांनी ते सोडून देऊ नये, कारण त्यातला प्रश्न आपलाही आहे.

अलीकडचे एक उदाहरण बंगालचे आहे. २०२० साली बादशाह या गायकाचे ‘गेंदा फूल’ हे गाणे देशभर गाजले. त्यातला गोड बंगाली भाग प्रथम नुसते लोकगीत म्हणून दाखवला गेला. लोकांनी विचारणा केल्यावर रतन कहार हे नाव पुढे आले. बीरभूम जिल्ह्यातल्या या गरीब लोकगायकाने ते गीत पूर्वी रचले होते. पुढे बादशाहने त्यांना ५ लाख रुपये दिले आणि २०२४ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. शेवट गोड झाला खरा. पण चूक कोठे झाली ते पाहावे. कोणी रात्री येऊन गाणे चोरून नेले नव्हते. ‘लोकगीत’ या एका शब्दाने माणसाचे नाव पुसले गेले होते. ‘पारंपरिक’ हा शब्द आपणही असाच सहज लिहितो.

चोरीचा हा प्रश्न आपल्या संप्रदायाला नवा नाही. तुकोबांच्या गाथेत सालोमालोवर अभंग आहेत. दुसऱ्याचे ते आपले म्हणून सांगणारा हा मनुष्य. तुकोबांचा राग नीट वाचला तर तो स्वतःचे नाव गेले एवढ्यासाठी नाही. संतांची वचने मोडून त्यांचे दागिने घडवले आणि सगळा घोळ करून ठेवला, हे त्यांचे दुःख आहे. नाव पुसले की अर्थही बिघडतो, कारण वचनामागे उभे राहणारे आयुष्य निघून जाते.

प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने हे अचूक ओळखले. त्यातला सालोमालो तुकोबांचे शब्द उचलतो आणि वर तुकोबांनीच आपले चोरले असा कांगावा करतो. पण केशवराव भोळे यांच्या संगीताने त्याला पकडून दिले आहे. विष्णुपंत पागनीस तुकोबा होऊन गातात ते साधे, पोटातून आलेले. सालोमालोचे गाणे नाटकी थाटाचे, ऐकणाऱ्याकडे डोळा ठेवून केलेले. शब्द नेता येतात, भाव नेता येत नाही, हे त्या संगीताने एकही वाक्य न बोलता सांगितले.

याच चित्रपटात उलटी गंमतही घडली. ‘आधी बीज एकले’ हे त्यातले गीत शांताराम आठवले यांनी लिहिले. ते इतके तुकोबांच्या वळणाचे झाले की लोक ते गाथेत शोधू लागले. आठवल्यांना तुकोबांच्या नावावर आपले गीत खपवायचे नव्हते. तरी आजही कितीजण ते तुकोबांचे म्हणूनच गातात! म्हणजे नाव दोन्ही बाजूंनी पुसले जाते. लहानाचे मोठा घेतो, तसे लहानाचे लोक आपण होऊन मोठ्याच्या पदरात टाकतात. दुसऱ्या प्रकारात लबाडी कोणाचीच नसते, फक्त विचारण्याचा आळस असतो.

नामदेवरायांच्या बाबतीत हेच झाले आहे. पुढच्या काळात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले आणि त्यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. दोन्ही नामेच! आम्हा पुसेगावकरांना हे लवकर कळते. पुसेगाव म्हटले की समोरचा सेवागिरी महाराजांचे साताऱ्याकडचे पुसेगाव धरून चालतो आणि आम्हाला ‘हिंगोलीचे’ असे जोडावे लागते. गावाची गल्लत बोलण्यात निस्तरते. कवीची गल्लत शेकडो वर्षे निस्तरत नाही.

यावर कोणी म्हणेल, चाल ही वाऱ्यासारखी, तिला कुंपण कशाला? संतांनीही लोकांकडूनच घेतले की! घेतले, हे खरेच. पण कसे घेतले? एकनाथ महाराजांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांची रूपे भारुडात आणली आणि भारुडाला नावही तेच राहिले, वासुदेव, जोशी, गोंधळ. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव कपाळावर लावून ते भारूड आजही उभे आहे.

दुसरा दाखला नर्सीचा. कयाधूकाठची नर्सी, नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून आम्ही जिथे माथा टेकतो, तिथे पंजाबातून शीख यात्रेकरू येतात. का येतात? १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदे घेतली. पंथ वेगळा, भाषा वेगळी, मुलूख वेगळा. तरी पदांवर नाव नामदेवांचेच ठेवले आणि पदे कोणत्या रागात गायची तेही लिहिले. कोणताही कायदा त्यांना विचारणार नव्हता. नाव राखले म्हणून चारशे वर्षांनंतरही तिकडचा माणूस आमच्या गावांच्या वाटेने येतो.

आता आपल्या घरात पाहू. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ गावोगावी गातात. ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते, ‘आता भीमसेनजींचा अभंग’. शब्द नामदेवरायांचे, चाल राम फाटक यांची, गळा पंडित भीमसेन जोशी यांचा. तिघांतले एकच नाव उरले. भीमसेनजींचा यात दोष नाही. घोषणा करणाऱ्याला आणखी दोन नावे घ्यायला किती वेळ लागला असता?

सप्ताहात सिनेमाच्या चालींवर हरिपाठ आणि गवळणी रंगवण्याची हौस वाढली आहे. ते सरसकट वाईट असे मी म्हणणार नाही. तरुण पोरे टाळ हातात घेऊन उभी राहतात, हेही थोडे नाही. पण एक कसोटी लावावी. चाल सुरू झाल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या ओठावर कोणते शब्द येतात? सिनेमाचे येत असतील तर तोंडाने अभंग चालला असला तरी मनात दुसरेच चालले आहे. तिथे आपण चाल घेतली नाही, चालीने आपला अभंग घेतला.

याहून मोठी हानी शांतपणे होते आहे. वारकरी चाली कोणी तरी बसवलेल्या असतात. एखादा विणेकरी, एखादा गायनाचार्य एखाद्या अभंगाला असे वळण देऊन जातो की पंचक्रोशीत तो तसाच गायिला जातो. तो माणूस गेला की दहा वर्षांत त्या चालीला ‘पारंपरिक’ म्हणू लागतात. उद्या ती कोणी ध्वनिमुद्रित केली, गाजवली, तर आपण नक्कल केली म्हणून ओरडणार कोणत्या तोंडाने? नाव आपणच आधी पुसलेले असेल. १९५७चा कॉपीराइट कायदा संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राखतो, पण नाव कोणालाच ठाऊक नसेल तर कायदा तरी कोणाचा हक्क राखणार?

उपाय फार लहान आहे. प्रत्येक भजनी मंडळाची अभंगांची वही असते. तिच्यात अभंगाच्या बाजूला चाल कोणाकडून घेतली ते लिहावे. माहीत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या टाळकऱ्यांना विचारावे, ते असेपर्यंतच. कीर्तनकारांनी चाल धरण्याआधी नाव घ्यावे. यूट्यूबवर भजन टाकणाऱ्या मुलांनी ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी गावात एकदा विचारावे.

संतांनी शब्दांना मुद्रा दिली. चालींची मुद्रा लिहिण्याचे काम गाणाऱ्यांवर राहिले आहे. देवाचे नाम घेणाऱ्या तोंडाला माणसाचे नाव घेणे जड जाऊ नये.

रामकृष्ण हरी.