न हललेली ‘बाई’

‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ १९७७ साली मृणाल गोरे उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या, आणि या एका ओळीनं दोन्ही निकाल सांगून टाकले. शब्द तेच, फक्त पाणी आणि दिल्लीनं जागांची अदलाबदल केली. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो जागचा न हललेला शब्द: ‘बाई’. गोरेगावच्या नळाच्या पाण्यासाठी महापालिकेत भांडलेली बाई आणि देशाची पंतप्रधान, दोघी एकाच पंगतीत. हिंदीत ‘बाई’ला एवढा मान नाही, हा मान मराठीचा आहे. म्हणून ओळ हिंदी असली तरी ती मला आपलीच वाटते.

पण ही ओळ नेमका कसला विरोध आहे? डिसअ‍ॅग्रीमेंट, प्रोटेस्ट, डिसेंट हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पहिलं बरोबरीच्या माणसांत होतं, चहा पितापिताही. प्रोटेस्टला रस्ता लागतो, आवाज लागतो. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणालताई, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी थाळीवर लाटणं बडवलं, तो प्रोटेस्ट. डिसेंट मात्र एकट्यालाही करता येतो. तो सत्तेसमोर किंवा बहुमतासमोर असतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. आणीबाणीत मृणालताई तुरुंगात होत्या. स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दादच मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल १९७६ रोजी ठरवलं. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. पुढे सरन्यायाधीशपदाची त्यांची पाळी आली, तेव्हा ते पद त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना मिळालं.

मग ही घोषणा कशात मोडते? चाल मोर्चाची आहे, पण तिच्यात मागणी एकही नाही. मागायचं ते मतपेटीत आधीच मागून झालं होतं, आणि तेही पडद्याआड, ज्याचं त्यानं एकट्यानं. इतक्या जणांचा एकेकट्यानं दिलेला नकार मोजून झाल्यावर त्याचं बहुमत झालं, त्या क्षणाची ही ओळ आहे. ‘पानी में’मध्ये जिंकल्याची चढेल मजा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे पाण्यात पाहणं म्हणजे डूख धरणं, तसलं काही इथे नाही. शिवी नाही, हरलेल्या बाईंचं नावसुद्धा नाही.