'नांदणे' : एका क्रियापदाची अर्थचिकित्सा

प्रस्तावना :
वास्तव्य दर्शविण्यासाठी मराठीत 'राहणे', 'असणे', 'वसणे' आणि 'नांदणे' ही क्रियापदे योजली जातात. स्थूलमानाने ती एकार्थी वाटली तरी एकाच्या जागी दुसरे सहसा चालत नाही. 'मुलगा पुण्याला असतो' या विधानात केवळ ठिकाणाची नोंद आहे. विवाहित मुलीविषयी मात्र 'तिला पुण्याला दिली' असे म्हटले जाते, आणि ती तेथे 'नांदते'. या शेवटच्या क्रियापदात दडलेल्या सामाजिक अपेक्षेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अर्थाचा विस्तार आणि संकोच :
'नांदणे' हे संस्कृत 'नन्द्' (आनंदित होणे) या धातूपासून आले आहे. 'आनंद', 'नंदन' व 'नांदी' हे शब्द त्याच कुळातील होत. त्यामुळे केवळ वस्ती नव्हे, तर सुखाची वस्ती हा त्याचा मूळ भाव होय. राज्यात शांतता नांदते, घरात लक्ष्मी नांदते, भाऊ-भाऊ गुण्यागोविंदाने नांदतात. या प्रयोगांत लिंगभेद नाही. विवाहाच्या संदर्भात मात्र कर्ता बदलतो. सासरी स्त्री नांदते. घरजावई तेथे 'राहतो'. प्रयोजक रूप तर अधिक बोलके आहे. नवरा बायकोला 'नांदवतो' किंवा 'नांदवत नाही'. बायको नवऱ्याला नांदवते, असा प्रयोग रूढ नाही. उलट, विवाहाविना एकत्र असणाऱ्या स्त्रीविषयी 'ती त्याच्याजवळ राहते' असे म्हणताना 'राहणे' या निरुपद्रवी क्रियापदालाही दूषणाची छटा येते. म्हणजे आनंदाचा वाचक असलेला शब्द स्त्रीच्या बाबतीत कर्तव्याचा व प्रतिष्ठेचा वाचक झाला.

रखमाबाई खटल्याची साक्ष :
या अर्थसंकोचाचे गांभीर्य रखमाबाईंच्या खटल्यातून स्पष्ट होते. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु त्या पतीच्या घरी कधीही राहावयास गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जे सहजीवन मुळात सुरूच झाले नाही, त्याची 'पुनःस्थापना' कशी करणार, हा त्यांच्या निर्णयातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. १८८६ मध्ये अपिलात हा निर्णय फिरवला गेला. १८८७ मध्ये रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगण्याचा आदेश झाला. त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. 'पुनःस्थापना' या संज्ञेत पूर्वीचे सहजीवन गृहीत आहे. 'नांदायला जाणे' हा वाक्प्रचार मात्र प्रथम जाणाऱ्या वधूला आणि माहेरी परतलेल्या पत्नीला सारखाच लागू पडतो. ज्या भेदावर पिन्ही यांनी बोट ठेवले, तो या वाक्प्रचारात पुसला जातो. विवाह झाला की नांदणे आलेच. स्त्रीची संमती हा स्वतंत्र प्रश्न उरत नाही.

कायदा आणि क्रियापद :
हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार पुनःस्थापनेचा दावा पती व पत्नी दोघांनाही लावता येतो. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. कलमाची भाषा उभयपक्षी आहे, परंतु मराठी बोलीत 'नांदावयास येण्याची' अपेक्षा पत्नीकडूनच केली जाते. याउलट, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १७ ने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. येथे 'राहणे' हे क्रियापद स्त्रीच्या बाजूने हक्काचे म्हणून उभे राहते.

निष्कर्ष :
'नांदणे' हा शब्द त्याज्य नाही; त्यातील आनंदाचा अंश मोलाचा आहे. तथापि तो आनंद आज्ञेने वा आदेशाने निर्माण होत नाही. आदेशाने फार तर एका छपराखाली राहणे घडू शकेल. पतीविषयीही 'तो तिच्यासह सुखाने नांदतो' असे सहज म्हटले जाईल, तेव्हाच हे क्रियापद आपल्या मूळ धातूशी प्रामाणिक ठरेल.