सुता की सुधा?

शेजारच्या आजी तंजावरी मराठी बोलतात. शब्द बरेचसे आपले, हेल तमिळ. वीसेक वर्षांपूर्वी कुंभकोणमला राहायला आले तेव्हा तुलनात्मक साहित्याची पदवी ताजी होती, आणि त्या तोऱ्यात मी त्या बोलीला मनातल्या मनात ‘बिघडलेली मराठी’ म्हणून टाकलं होतं. जॉन मॅक्लॉक्लिन या इंग्लिश गिटारवादकाच्या ‘शक्ती’बद्दलही माझं मत तसंच होतं: ना धड जॅझ, ना धड कर्नाटक संगीत. दोन्ही मतं मला बदलावी लागली.

मॅक्लॉक्लिन १९४२चा, यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरचा. लंडनच्या क्लबांत आणि स्टुडिओंत घडला. १९६९च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला गेला आणि लगेचच माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’च्या ध्वनिमुद्रणात वाजवू लागला. १९७१मध्ये त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला; विजेवरचा, विजेच्याच वेगाचा. तिथे थांबला असता तरी नाव राहिलं असतं. पण त्याच काळात तो अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता.

माझ्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीची गुरुकिल्ली या शिकण्यात आहे. वीणेवर तार पडद्यावर ओढून गमक काढतात. गिटारवर तसं करू गेलं की बोट लाकडाला अडतं. मॅक्लॉक्लिनने ‘शक्ती’साठी नवी गिटार घडवून घेतली: पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, आणि मुख्य तारांखालून तिरप्या जाणाऱ्या सात जादा तारा. वीणा शिकून तो वीणावादक झाला नाही, त्याने आपली गिटार बदलली. अनुवादकाचं कामही हेच. मूळ भाषेची लकब पेलण्यासाठी स्वतःच्या भाषेचं लाकूड कोरावं लागतं. दोनशे वर्षांपूर्वी याच तंजावर प्रांतात व्हायोलिनने उलटी वाट धरली होती. वाद्य तेच राहिलं. सूर लावण्याची रीत बदलली, आणि वादक मांडी घालून वाद्याचं टोक पावलावर टेकवून बसू लागला.

म्हणून सगळंच जमलं असं मात्र नाही. १९७५च्या जुलैत मैफलीतच मुद्रित झालेल्या पहिल्या तबकडीवरचं ‘जॉय’ ऐका. एल. शंकरचं व्हायोलिन आणि गिटार एकमेकांना गाठायला धावतात, श्वास घ्यायला कुणी थांबत नाही. थक्क व्हायला होतं, पण फार काही उरत नाही. त्यापाठोपाठचं ‘लोटस फीट’ पाच मिनिटांचंही नाही, पण तिथे गिटार ऐकून घेते. चांगला अनुवादक असाच ओळखावा, कुठे गप्प बसतो यावरून.

त्या तबकडीचं नाव ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉक्लिन’. शंकर, झाकिर हुसेन, विक्कू विनायकराम आणि मृदंगावरचे रामनाड राघवन हे सगळे ‘शक्ती’ या एका शब्दात. ‘सह’ म्हणून एकटा तो. बाजार असाच चालतो हे मला कळतं. तरी मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव असावं म्हणून भांडणारी मी तो ‘सह’ पाहून दरवेळी अडखळते.

दुसरी अडखळ अधिक जवळची. इथून काही कोसांवरच्या तिरुवैयारूच्या त्यागराजांची बंगाल रागातली गणपतीवरची कृती ‘गिरिराजसुता तनय’ पुढच्या ‘शक्ती’ने २००१च्या तबकडीवर घेतली, २०२३च्या ‘धिस मोमेंट’वरही. दोन्हीकडे छापलंय ‘गिरिराज सुधा’. सुता म्हणजे कन्या, सुधा म्हणजे अमृत. पार्वतीच नाहीशी झाली! मी हसू शकत नाही. तमिळ लिपीत त, थ, द, ध या चारही ध्वनींना एकच अक्षर आहे. माझ्याही एका अनुवादात एका पात्राच्या नावातला ‘द’ ‘त’ होऊन छापला गेला, चूक माझीच.

‘धिस मोमेंट’ला २०२४मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच डिसेंबरात झाकिर हुसेन गेले. मँडोलिनवादक यू. श्रीनिवास २०१४मध्येच गेले होते. ऐंशी ओलांडलेला मॅक्लॉक्लिन मागे उरला. या संगीताचा वारस कोण, असं विचारलं जातं. मला वाटतं, प्रश्न घराण्याचा नाही. दुसऱ्यासाठी स्वतःचं वाद्य कोरायला कोण तयार आहे, एवढाच आहे.

परवा आजींना ‘गिरिराज सुधा’ ऐकवलं. कॉफीचा पेला हातात धरून त्या शेवटपर्यंत ताल देत होत्या. मग नाव विचारलं. मी वाचून दाखवलं.

“पाट्टु बरं आहे,” म्हणाल्या, “नाव तेवढं चुकलंय.”