२६ नॅनोसेकंद म्हणजे पायऑनच का?

परवा राजापेठला चहा घेताना एका ज्युनिअरनं विचारलं, "भाऊ, लेझरनं टेबलावर मेसॉन निघतात म्हणे, खरं हाय का?" तो लाइफ होल्मलिड यांच्या २०१७ च्या 'प्लॉस वन'मधल्या पेपरबद्दल बोलत होता. पेटची तयारी करणाऱ्यांनी हा पेपर वाचावाच. पटतो म्हणून नाही, पेपर तपासायचा कसा ते कळतं म्हणून.

दावा असा: धातूवर अतिघन हायड्रोजनचा थर, त्यावर २०० मिलिज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचा लेझर पल्स, आणि बाहेर पडणाऱ्या कणांत केऑन, पायऑन. वेग प्रकाशाच्या ०.७५ पटीपर्यंत. पुरावा मुख्यतः दोन गोष्टींचा: कलेक्टरवरच्या सिग्नलचा ऱ्हासकाळ आणि चुंबकीय विचलन.

ऱ्हासकाळच बघू. चार्ज्ड केऑनचं सरासरी आयुष्य १२.४ नॅनोसेकंद, चार्ज्ड पायऑनचं २६, दीर्घायु न्यूट्रल केऑनचं ५१. जवळपास दुप्पट-दुप्पट! म्हणजे १० ते ६० नॅनोसेकंदांत उतरणारा कुठलाही सिग्नल आला तरी शेजारी कोणीतरी कण उभा असणारच. त्यात दोन-तीन एक्स्पोनेन्शियलची बेरीज घेतली की ती कुठल्याही गुळगुळीत शेपटीवर बसते. ५० ओहम आणि ५०० पिकोफॅरड यांचा गुणाकार करून बघा: २५ नॅनोसेकंद. माझ्या सेटअपवर असाच एक सुंदर ऱ्हास मिळाला होता, आठवडाभर मी हवेत. केबल बदलली, ऱ्हासही गेला.

आता वेग. ०.७५ पटीला गॅमा १.५१ येतो. मग पायऑनचं आयुष्य लॅबमध्ये ३९ दिसायला हवं, २६ नाही. शिवाय एक मीटरवरचा कलेक्टर तो साडेचार नॅनोसेकंदांत गाठणार. मग २६ ची शेपटी कुठली? मेसॉन टार्गेटजवळच जवळपास थांबून क्षय पावतात असं म्हणता येईल. पण मग कलेक्टरवर येतात ते त्यांचे क्षयज कण, वेगवान मेसॉन नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच सिग्नलमधून काढता येत नाहीत.

त्याहून मोठी अडचण बॅरिऑन संख्येची. प्रोटॉनचे नुसते मेसॉन झाले तर ती टिकत नाही, आणि सुपर-कामिओकांडेनं प्रोटॉनच्या काही क्षयमार्गांसाठी आयुष्याची खालची मर्यादा १०^३४ वर्षांच्या वर नेली आहे.

आपल्याकडचं उदाहरण आठवतं. १९८९ च्या मार्चमध्ये फ्लाइशमन-पॉन्स यांची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी ट्रॉम्बेच्या बीएआरसीत पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला बीएआरसी-१५०० हा अहवाल निघाला. त्यातल्या ट्रिटियमबद्दल वाद झालेच. दूषण हा पहिला संशय. पण ट्रिटियमचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं, नमुना दुसऱ्यानं पुन्हा मोजता येतो. आणि नेहमीच्या डी-डी अभिक्रियेत ट्रिटियम-न्यूट्रॉन जवळपास बरोबरीनं येतात, तिथे न्यूट्रॉन सुमारे कोटीपट कमी, ही आपल्याच निकालातली गैरसोय त्यांनी छापली. मला हे जास्त आवडतं.

होल्मलिड यांच्या बाबतीत मी एकच मागेन: म्यूऑन थांबवा. प्लास्टिक सिंटिलेटरमध्ये २.२ मायक्रोसेकंदांचा क्षय, इलेक्ट्रॉनची ऊर्जा ५३ एमईव्हीपर्यंत. मग शिसं ठेवा. ऋण म्यूऑनचं आयुष्य ७५ नॅनोसेकंदांच्या आसपास घसरायला हवं. केबलला हे कळत नाही.