वंशवृक्षात कोण नसतं? कुलवृत्तांताचं एक परीक्षण

'लिटरेचर रिव्ह्यू' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जर्नलमधले पेपर येतात. पण परीक्षण करायची सवय लावायची असेल, तर घरातल्या कपाटातलं एखादं पुस्तकही चालतं. म्हणून यावेळी पेपर बाजूला ठेवून मराठीतला एक जुना प्रकार घेतला आहे: कुलवृत्तांत. एकाच आडनावाच्या, एकाच गोत्राच्या घराण्यांची माहिती गोळा करून छापलेला जाडजूड ग्रंथ. विसाव्या शतकात असे कितीतरी ग्रंथ निघाले, त्यांत चित्पावन कुळांचे बरेच. आपटे, गोखले, कर्वे, बापट ही त्यातली ठळक नावं.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे कुलवृत्तांत हातात आला की तो मला डेटासेटसारखा दिसतो. आणि डेटासेट समोर आला की पहिला प्रश्न असतो: हा कुणी, कशासाठी आणि कसा गोळा केला?

आधी चांगलं काय ते

कुलवृत्तांत हा हौशी लोकांचा उद्योग म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नाही. कुळातली काही माणसं एकत्र येतात, मंडळ स्थापन करतात, छापील प्रश्नावली गावोगावी पाठवतात, उत्तरं आली की ती जुळवतात. आजच्या भाषेत हा पोस्टाने केलेला सर्व्हे झाला, तोही अनुदानाशिवाय.

दुसरं, माहिती जिथे जुळत नाही तिथे चांगले संपादक ओढूनताणून जोडत नाहीत. एकाच आडनावाची दोन घराणी मागे कुठे मिळतात हे कळलं नाही, तर 'घराणे पहिले', 'घराणे दुसरे' असं वेगळं ठेवतात. ही साधी गोष्ट वाटते, पण ज्याने कधी मिसिंग डेटा हाताळला आहे त्याला या संयमाची किंमत कळेल.

तिसरं, मूळ गाव, स्थलांतर, शिक्षण, व्यवसाय अशी माहिती पिढ्यान्‌पिढ्यांची एका जागी मिळते. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासिकेने चित्पावनांच्या याच ग्रंथांवर निबंध लिहिला. महाराष्ट्रातली समाजरचना आणि तिच्यातला बदल अभ्यासण्याचं साधन म्हणून तिने त्यांच्याकडे पाहिलं. मिल्टन सिंगर आणि बर्नार्ड कोह्‌न यांनी संपादित केलेल्या १९६८ च्या ग्रंथात तो आला. म्हणजे आपण जे पुस्तक 'आजोबांच्या काळातलं' म्हणून माळ्यावर टाकतो, ते संशोधनाचं साधन होऊ शकतं.

आता गडबड कुठे आहे

कुलवृत्तांतात साधारण दोन भाग असतात. एक वंशवृक्षाचे तक्ते, दुसरा व्यक्तींची माहिती. माहितीच्या भागात बायकोचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं गाव, मुली कुठे दिल्या हे बरेचदा असतं. पण तक्त्यात पाहा. तिथे बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. सून तळटीपेसारखी येते आणि मुलगी लग्नानंतर दुसऱ्या कुळाची होते, तिची फांदी तिथेच खुडली जाते.

माझी मुख्य हरकत इथे आहे. स्त्रियांची माहिती गोळाच केली नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. माहिती आहे, पण ती रचनेत नाही. ज्या गोष्टीला क्रमांक नाही, सूचीत जागा नाही, ती शोधता येत नाही, आणि जी शोधता येत नाही ती वापरली जात नाही.

याचा परिणाम आकड्यांत बघू. दहा पिढ्या मागे गेलात तर दोन आई-बाप, चार आजी-आजोबा असं करत दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वजांच्या जागा होतात. सगळ्या पिढ्यांची बेरीज २,०४६. बापाकडून बापाकडे जाणारी सरळ रेघ यातल्या फक्त दहा जणांना स्पर्श करते. म्हणजे 'आमची दहा पिढ्यांची वंशावळ आहे' असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे २,०४६ पैकी दहा जागा भरलेल्या असतात. (नात्यात लग्नं झाली की एकच पूर्वज दोन जागी येतो, तेव्हा प्रत्यक्ष माणसं कमी असतात. पण गुणोत्तराचा मुद्दा बदलत नाही.)

नात्यातल्या लग्नांचंच घ्या. मामेबहिणीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत चालत आलं आहे. इरावती कर्व्यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या १९५३ च्या ग्रंथात याची सविस्तर चर्चा केली आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक १/१६ येतो. तो काढायला नवऱ्याची आई आणि बायकोचा बाप ही भावंडं आहेत हे तक्त्यात दिसायला हवं. पुरुषांच्याच तक्त्यात हे दिसणं शक्य नाही. तिथे प्रत्येक सून जणू बाहेरून आलेली, आणि गुणांक शून्य! डेटा खोटं बोलत नाही, पण तक्ता बोलतो.

दत्तकाचं उलट आहे. दत्तक मुलगा वंशवृक्षात मुलगा म्हणूनच येतो. वारसा, श्राद्ध, मालमत्ता या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण कुणी हाच तक्ता घेऊन वाय गुणसूत्राचा अभ्यास करायला बसला तर पंचाईत होईल. एकच तक्ता एका प्रश्नाला अचूक आणि दुसऱ्याला चुकीचं उत्तर देतो. म्हणून 'डेटा चांगला आहे का' हा प्रश्न अर्धवट आहे. 'कशासाठी चांगला' हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आणि शेवटचं, सॅम्पलिंग. प्रश्नावलीला उत्तर कोण देणार? ज्याला पत्ता आहे, लिहिता येतं आणि सांगण्यासारखं आहे तो. निर्वंश झालेली, परागंदा झालेली, कुळाने वाळीत टाकलेली फांदी उत्तर पाठवत नाही. म्हणून कुलवृत्तांत वाचताना कुळातले सगळेच वकील, मामलेदार आणि मास्तर होते की काय असं वाटायला लागतं.

खराडीतला दुसरा नमुना

आता तुलनेसाठी दुसरा प्रकार घेऊ. मी राहते ती खराडी, म्हणजे हवेली तालुक्यातलं मुळा-मुठेच्या काठचं गाव. आज तिथे आयटी पार्क आणि टॉवर आहेत. जिथे आज लॅपटॉपच्या बॅगा घेऊन लोक कॅबची वाट पाहतात, तिथे शेती होती. ती जमीन विकली जाताना प्रत्येक वेळी एक वंशावळ तयार झाली, पण तिला कुणी कुलवृत्तांत म्हणत नाही. तिला सर्च रिपोर्ट म्हणतात.

जमीन घेण्याआधी वकील साधारण तीस वर्षांचे कागद चाळतो: सातबारा, फेरफार, वारसनोंदी, खरेदीखतं. खातेदार वारला की त्याचे वारस गाव नमुना ६-क मध्ये येतात, आणि तिथे मुली असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तिला जन्मतः हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असोत-नसोत, हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे एखादी आत्या नोंदीतून सुटली तर पुढे दावा लागू शकतो आणि व्यवहार अडकू शकतो. म्हणून वकील आत्या शोधतो. कुलवृत्तांताचा संपादक शोधत नाही, कारण ती सुटली म्हणून त्याला कोर्टात कुणी खेचत नाही.

या परीक्षणातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: नोंद किती विश्वासार्ह आहे हे ठरतं ती चुकली तर नुकसान कुणाचं होतं यावरून. ज्या चुकीने कुणाचंच काही जात नाही, ती चूक दुरुस्त होत नाही.

अर्थात सर्च रिपोर्टही निर्दोष नाही. वारसनोंदीत आलेल्या बहिणीचं नाव पुढच्याच एखाद्या फेरफाराला हक्कसोडपत्राने निघून जातं. फक्त चालू सातबारा पाहणाऱ्याला ती कधी होती हेच कळणार नाही. शिवाय ज्याला जमीनच नाही, तो या कागदांत नाहीच. भूमिहीन आणि भटक्या कुटुंबांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी (जुना गाव नमुना १४) असे वेगळे दरवाजे ठोठवावे लागतात.

हे जुनंच दुखणं आहे. पेशवाईतल्या वतनाच्या तंट्यांत वंशावळ पुराव्याला यायची आणि निवाड्याच्या महजरावर गावकऱ्यांच्या निशाण्या पडायच्या, पाटलाचा नांगर वगैरे. अनेक घराण्यांच्या कैफियती आपला हक्क सरकारदरबारी पटवण्यासाठी लिहिल्या गेल्या. मावजी आणि पारसनीस यांनी अशा कैफियती १९०८ मध्ये छापल्या. त्या वाचताना लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते आधी ओळखावं, मग मजकुरावर विश्वास ठेवावा.

नावं जुळवण्याचं शास्त्र

हा विषय फक्त हौसेचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली. त्यातली कितीतरी मोडीत. २६ जानेवारी २०२४ च्या मसुद्यानंतर 'सगेसोयरे' म्हणजे नेमके कोण, यावर चावडीपासून टीव्हीपर्यंत वाद झाले. आरक्षणाची बाजू कुणाची खरी हा या लेखाचा विषय नाही. पण पद्धतीचा प्रश्न इथे स्वच्छ दिसतो. जुनी नोंद सापडणं हे निम्मं काम आहे. ती नोंद याच अर्जदाराच्या पणजोबांची आहे हे दाखवणं, हे उरलेलं निम्मं. आपण याला रेकॉर्ड लिंकेज म्हणतो.

अडचण बघा. जुन्या नोंदीत आडनाव बरेचदा नसतंच, 'तुकाराम बिन गणपत' एवढंच असतं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. म्हणजे तुकाराम बिन गणपत, त्याचा मुलगा गणपत बिन तुकाराम, आणि त्याचा मुलगा पुन्हा तुकाराम बिन गणपत! आजोबा आणि नातू कागदावर एकच माणूस.

मग तारखेवर जावं, तर तिथे वेगळी गंमत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. आपल्याकडच्या फसलीत साधारण ५९०, आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६००. सुहूर सनाला फसली समजलात तर नऊ-दहा वर्षांचा फरक पडतो, थोरला भाऊ काका होऊन बसतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नीट पाळलेला नसतो, त्यामुळे वाचनाची चूक वेगळीच. तीन छोट्या चुका एकाच दिशेने पडल्या की एक बनावट पूर्वज तयार होतो, आणि यात कुणी लबाडी केलेली असेलच असंही नाही.

म्हणून जुळणी करताना दोन्ही चुका मोजायच्या: वेगळ्यांना एक समजणं आणि एकालाच दोन समजणं. नाव, गाव आणि साल जुळलं एवढ्यावर थांबायचं नाही. सर्व्हे नंबर, भावांची नावं, बायकोचं नाव असा निदान एक स्वतंत्र धागा हवा. इथेही बायकोचं नाव किती कामाचं ठरतं ते बघा. नवरा तुकाराम असलेल्या नोंदी दोन असतील, पण एकीत बायको सखू आणि दुसरीत बायको भागू असेल तर माणसं वेगळी असण्याची शक्यता लगेच समोर येते. (दुसरं लग्न झालेलं नाही ना, हे मात्र तपासायचं.)

तुम्ही करणार असाल तर

घरचे कागद हा संशोधनाची तालीम करायला उत्तम विषय आहे. गाईड लागत नाही, एथिक्स मात्र लागतं. चार गोष्टी पाळा.

एक, मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. ते परत निघत नाही. कसर आणि ओल यांपासून दूर, सपाट ठेवा आणि आधी स्कॅन करा.

दोन, प्रत्येक फाइलसोबत लिहा: कागद कुणाकडे होता, कुठे सापडला, कुणी वाचला. त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वहीतली नोंद आणि आत्याने फोनवर सांगितलेली नोंद, दोन्ही घ्या, पण एकाच रकान्यात घालू नका.

तीन, वंशवृक्ष काढताना प्रत्येक स्त्रीला स्वतःचा क्रमांक द्या आणि तिच्या माहेराची फांदी उघडी ठेवा. रिकामी राहिली तरी चालेल. रिकामी चौकट पुढच्या माणसाला इथे शोधायचं आहे हे सांगते, नसलेली चौकट काहीच सांगत नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. शंभर वर्षांनी कुणी ही रजिस्टरं उघडेल तेव्हा त्याची जुळणी आपल्यापेक्षा सोपी जाईल. तुमचा तक्ता सरकारी फॉर्मच्याही मागे राहू नये, एवढं बघा.

चार, हयात माणसांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय पसरवू नका. दत्तक, दुसरं लग्न, जात, आजार हे तुमच्यासाठी रकाने असतील, त्यांच्यासाठी आयुष्य आहे.

आणि हे लवकर करा. खराडीच्या गावठाणातली जुनी घरं पुनर्बांधणीला जातात तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेतले कागद रद्दीच्या भावाने जातात. सातबारा ऑनलाइन मिळेल. पण त्याच्या मागे पेन्सिलीने कुणीतरी लिहून ठेवलेली बहिणींची नावं कुठल्याही पोर्टलवर मिळणार नाहीत.