फौजदारी न्यायाचे ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण : खांबच्या विद्यार्थ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील खांब हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान आहे. या गावातील पदवीधराला फौजदारी न्याय अथवा गुन्हेशास्त्र या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे झाल्यास एकेकाळी घर सोडण्यावाचून पर्याय नव्हता. आता इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची फौजदारी न्यायविषयक पदव्युत्तर पदविका, ई-पीजी पाठशाला या संकेतस्थळावरील गुन्हेशास्त्राचे पाठ आणि २०१७ मध्ये सुरू झालेले ‘स्वयम्’ हे व्यासपीठ यांमुळे तो घरी बसून हा विषय शिकू शकतो. नोकरी करणारा तरुण, संसार सांभाळणारी स्त्री, रात्रपाळीचा पोलीस शिपाई यांच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे. परंतु विद्यार्थी आणि विद्यापीठ यांतील अंतर मिटविणाऱ्या या शिक्षणाने विद्यार्थी आणि कोलाडचे पोलीस ठाणे, रोह्याचे न्यायालय, अलिबागचे कारागृह यांतील अंतर मात्र जसेच्या तसे ठेवले आहे. प्रस्तुत चिकित्सेचा मुद्दा हाच आहे.

प्रथम या पदवीच्या मूल्याविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन वा दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा पुनरुच्चारही केला. त्याच विनियमांनी विधी शाखेचे शिक्षण या माध्यमातून देण्यास मात्र मनाई केली आहे. फौजदारी न्यायाची पदवी ही कायद्याची पदवी नव्हे. ती मिळविणाऱ्यास वकिलीची सनद मिळत नाही, सहायक सरकारी अभियोक्ता होता येत नाही. आणि पोलीस उपनिरीक्षकाच्या स्पर्धा परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालत असल्याने तेथेही तिची गरज पडत नाही. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे. मग या पदवीचे प्रयोजन काय? न्याययंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते हे समजणे, एवढेच आणि हेच. तेव्हा ती त्याच कसोटीवर तपासली पाहिजे.

हा वाद नवा नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यान्वये पोलिसांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी संघशासनाचा पैसा उपलब्ध झाला आणि अशा अभ्यासक्रमांचे पेव फुटले. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, लॉरेन्स शर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिक्षणाच्या दर्जावर कठोर टीका केली. हे अभ्यासक्रम संकुचित व्यावसायिक प्रशिक्षणात अडकले आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. आपल्याकडील दोष उलट दिशेचा आहे. येथे व्यवसायाचा गंधही लागत नाही. कलमे, समित्या आणि व्याख्या यांचे पाठांतर होते.

खांबचेच उदाहरण पाहू. महामार्गालगतच्या गावाला फौजदारी कायद्याचा परिचय बहुधा अपघातातून होतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांवर नेली. अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे उपकलम (२) मात्र, जानेवारी २०२४ मधील वाहनचालकांच्या आंदोलनानंतर, संहिता लागू करताना अंमलात आणले गेले नाही. एवढे पडद्यावर शिकता येते. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळास भेट सक्तीची केली ती सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. पाच वर्षांच्या शिक्षेचा अपघात त्या कक्षेत येत नाही. म्हणजे महामार्गावरील मृत्यूचा पुरावा आजही मुख्यतः घटनास्थळाच्या पंचनाम्यावर उभा राहतो: चाकांच्या खुणा कोठून कोठवर होत्या, वाहन कोणत्या बाजूला होते, उजेड किती होता, आणि पंच म्हणून सही करणारा गृहस्थ तेथे खरोखर उभा होता की चहाच्या टपरीवरून बोलावून आणला होता. खटला टिकतो की कोसळतो ते पुष्कळदा येथे ठरते. हा दस्तऐवज एकदाही हाती न धरता पदव्युत्तर पदवी मिळू शकत असेल, तर त्या पदवीच्या रचनेतच दोष आहे.

प्रत्यक्ष पाहण्याचे मोल किती, याचा पुरावा महाराष्ट्राच्याच न्यायेतिहासात आहे. शीला बरसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८३) या प्रकरणाचा उगम एका पत्रकार स्त्रीने मुंबईच्या कारागृहात घेतलेल्या पंधरा महिला बंद्यांच्या मुलाखतींत होता. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन या स्त्रियांशी बोलण्यास व अहवाल देण्यास सांगितले. महिलांसाठी स्वतंत्र कोठडी, स्त्री पोलिसांचा पहारा, अटकेची माहिती विधी साहाय्य समितीस कळविणे, हे निर्देश त्यातून आले. महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी असणारी व्यक्ती न्यायालयाचे डोळे होऊ शकते, ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने विसरू नये अशी आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० मध्ये सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्पही कारागृहात आणि पोलीस ठाण्यात जाऊन काम करण्याच्या याच परंपरेतला.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. न्यायालयेच आता ऑनलाइन झाली आहेत. सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे कामकाज थेट प्रक्षेपित होते, प्रलंबित खटल्यांची आकडेवारी राष्ट्रीय न्यायिक विदा जालावर मिळते, आणि झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण कलम १०५ ने बंधनकारक केले आहे. हे खरे आहे, आणि याचा उपयोग अभ्यासक्रमांनी करून घेतलाच पाहिजे. पण घटनापीठापुढील युक्तिवाद ऐकणे म्हणजे रोह्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सकाळी तारखेसाठी उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे समजणे नव्हे. विटभट्टीवरच्या कातकरी मजुरास जामीनदार का मिळत नाही, अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ मोफत वकील देत असूनही तो मागितला का जात नाही, याचे उत्तर प्रक्षेपणात सापडत नाही.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर, आणि चर्चेत सर्वांत कमी येणारा. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून मराठीला १९९८ च्या अधिसूचनेने स्थान मिळाले. फिर्याद, जबाब, पंचनामा, मुद्देमाल पावती, दोषारोपपत्र हे सारे मराठीत लिहिले जाते, तेही एका विशिष्ट, फारसी शब्दांनी भरलेल्या साचेबंद मराठीत. पदव्युत्तर साहित्य मात्र प्रामुख्याने इंग्रजीत आहे. परिणामी ‘मेन्स रिआ’वर निबंध लिहिणारा विद्यार्थी आपल्याच गावातील जबाब वाचून त्यात साक्षीदाराचे शब्द कोणते आणि लेखनिकाचे कोणते, हे ओळखू शकत नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने मराठीतून दूरशिक्षण देता येते हे सिद्ध केले आहे; अडचण माध्यमाची नसून इच्छेची आहे.

शेजारच्या पेण तालुक्यात पदव्युत्तर प्रबंधास पुरेल असा विषय पडून आहे. पेण अर्बन सहकारी बँकेतील गैरव्यवहार २०१० मध्ये उघडकीस आला, रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले, आणि ठेवीदारांची लढाई त्यानंतर वर्षानुवर्षे चालली. आरोपीस शिक्षा होणे आणि पीडितास पैसा परत मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पीडितशास्त्राचे मूलतत्त्व येथे घरोघरी ठाऊक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त करून जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत पीडितांत वाटण्याची नवी तरतूद केली. ती जुन्या व्यवहारांना लागू करता येईल काय, आणि २००२ च्या धनशोधन प्रतिबंधक कायद्याशी तिचा मेळ कसा बसेल, असा प्रश्न स्वाध्यायात विचारला तर उत्तर आंतरजालावरून उतरवून काढता येणार नाही; विद्यार्थ्याला ठेवीदाराच्या दारात जावे लागेल.

यासाठी ऑनलाइन पदवी मोडीत काढण्याचे कारण नाही. श्रेयांकांचा एक ठळक भाग क्षेत्रकार्यास द्यावा. रोहा, पेण, अलिबाग येथील महाविद्यालयांनी तालुका विधी सेवा समित्यांशी करार करून तो घडवावा. न्यायालयातील उपस्थितीची नोंदवही, एका निकाली खटल्याच्या कागदपत्रांचे मराठीतून विश्लेषण, आणि कारागृह प्रशासनाची अनुमती मिळेल तेथे एक भेट, एवढे आरंभी पुरे. अलिबागचे कारागृह हिराकोट किल्ल्यात आहे. १७२० मध्ये कान्होजी आंग्रे यांनी बांधलेल्या त्या तटांकडे इतिहासाच्या सहली जातात. फौजदारी न्यायाच्या विद्यार्थ्यांची सहल त्या तटाच्या आत जावी, यासाठी अर्ज करण्याचे काम मात्र महाविद्यालयालाच करावे लागेल; ते संगणकावरून आपोआप होणारे नाही.