हळद, शिसे आणि उंदराचे यकृत

‘हळदीतील द्रव्य शिशाच्या विषापासून यकृत वाचवते’ अशा अर्थाचे वृत्त अधूनमधून वाचायला मिळते. कधी हळदीच्या जागी आवळा असतो, कधी द्राक्षाच्या बिया. विद्यार्थी असे कात्रण वर्गात घेऊन येतात, तेव्हा शिक्षकाने काय सांगावे? प्रयोग बहुधा खरा असतो. तपासायचा असतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

आधी रसायनशास्त्र पाहू. शिसे, पारा, कॅडमियम हे धातू प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात. ग्लुटाथायोन हे यकृताचे स्वतःचे संरक्षक द्रव्यही गंधकयुक्तच. तेही धातूशी बांधले जाऊन खर्ची पडते. मग मुक्त मूलके मोकाट सुटतात आणि पेशीपटलातील मेदाचा नाश करतात. हळदीतील कर्क्युमिनसारखी प्रतिऑक्सिडीकारके ही मूलके निकामी करू शकतात. इथपर्यंत शंका घेण्याचे कारण नाही.

प्रयोगाचा साचाही ठरलेला असतो. पांढऱ्या उंदरांचे (रॅटचे) चार गट करतात. एकाला काहीच नाही, दुसऱ्याला फक्त धातू, तिसऱ्याला फक्त अर्क, चौथ्याला दोन्ही. यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांतील विकरे रक्तात उतरतात. चौथ्या गटात ती दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळली, की ‘संरक्षण’ सिद्ध झाले असे लिहिले जाते.

येथे तीन आक्षेप घ्यावेसे वाटतात.

पहिला वेळेचा. अर्क बहुधा धातूच्या आधी किंवा धातूबरोबरच देतात. दोन्ही तोंडावाटे दिले असतील, तर अर्काने धातूला आतड्यातच अडवले असण्याची शक्यता उरते. यकृतातील धातू मोजल्याशिवाय श्रेय प्रतिऑक्सिडीकारकाला देता येत नाही.

दुसरा मात्रेचा. उंदराला दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले असे धरू. माणसासाठी ही मात्रा सुमारे ६.२ ने भागण्याचा संकेत आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळजवळ २ ग्रॅम. हळदपुडीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के असते. तेव्हा रोज ६५ ग्रॅम हळद खावी लागेल! शिवाय आतड्यातून रक्तात ते फारच थोडे शिरते. ‘मग गोळी घेऊ’ म्हणणाऱ्यांनी फिनलंडमधील चाचणी आठवावी. तेथे धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे प्रतिऑक्सिडीकारक गोळीतून दिले होते. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. मूलके विझली तरी धातू शरीरात राहतोच. कॅडमियम मूत्रपिंडात कित्येक वर्षे ठाण मांडते. शिसे हाडांत साठते, आणि मुलांमध्ये त्याचा मुख्य बळी यकृत नसून मेंदू असतो. धातूला पकडून मूत्रावाटे बाहेर काढणारी डीएमएसएसारखी औषधे वेगळी. तीही विषबाधा गंभीर असेल तेव्हाच, वैद्यकीय देखरेखीखाली देतात. धूर हाकलला म्हणून आग विझत नाही.

बांगलादेशातील एक घटना या संदर्भात बोलकी आहे. तेथे हळकुंडांना पिवळाधमक रंग यावा म्हणून त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे पिवळे रंगद्रव्य चोळले जात असे. गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिसे या हळदीतूनही येते, हे २०१९ साली समस्थानिकांच्या तुलनेने दाखवले गेले. शिशापासून वाचवणारी म्हणून जिचे गुण गायले जातात, तीच हळद शिसे घेऊन घरात येत होती! यावर उपाय म्हणून कुणी कर्क्युमिनच्या गोळ्या वाटल्या नाहीत. लोकांना सावध केले, बाजारात तपासणी केली, भेसळ करणाऱ्यांना दंड केले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही.

वनस्पतींवरील असे संशोधन टाकाऊ आहे, असे मुळीच नाही. मात्र ते प्रश्नाची सुरुवात असते, उत्तर नव्हे. पुढचे कात्रण वर्गात येईल तेव्हा मुलांनाच विचारू द्यावे : अर्क केव्हा दिला? किती दिला? यकृतातला धातू मोजला का? आणि तो धातू मुळात आला कोठून? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या मुलाच्या हातून खरे यकृतरक्षण घडेल.